दुधाच्या दाढेला आठ दिवसांची मुदत

माझी खालची उजवी दाढ किडली तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि घरात माझ्याइतकं तोंड फक्त माझ्या आईला होतं. त्यामुळे माझी दाढ दुखते आहे ही बातमी मांडवीकडे उतरणाऱ्या आमच्या अख्ख्या आळीला घटकाभरात कळली. मी रडायची ती मोकळ्या गळ्याने. कोपऱ्यात बसून मुळूमुळू रडणं मला कधी जमलं नाही, आजही जमत नाही.

दाढ किडली ह्यात नवल काहीच नव्हतं. आंबापोळी, फणसपोळी, काकवी, गुळाचा खडा, जे म्हणून गोड आणि दाताला चिकटणारं ते माझ्या आवडीचं. सकाळी राखुंडीने दात घासायचे ते मी समोरचे चार घासायची. मागचे बघायला कोण येणार, असा माझा समज. चैत्र लागला आणि त्या मागच्यांनी उट्टं काढलं. गार पाणी लागलं की कळ, ऊन आमटी लागली की कळ, आणि गोड लागलं की कळ थेट कानात. घरात पहिले आंबे अढीत घातलेले, सगळं घर त्या वासाने भरलेलं, आणि मी फोडीला जीभ लावून बोंब मारत होते. रत्नागिरीत राहून ऐन चैत्रात आंबा खाता येऊ नये ह्याहून मोठं दुःख मला तोवर माहीत नव्हतं.

आईने दाढेत लवंग धरायला लावली, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, हिंगाची गोळी दाबून बघितली. कशाने भागेना, तेव्हा ती मला किडे काढणाऱ्या बाईकडे घेऊन गेली. ही बाई बंदराच्या बाजूला राहायची आणि तिचा हातगुण नावाजलेला होता. तिने परातीत पाणी घेतलं, मधोमध दगड ठेवला, त्याच्यावर लालभडक तापवलेला लोखंडी पळा. पळ्यात काटेरी रिंगणीच्या तेल लावलेल्या बिया टाकल्या आणि वरून भोक पाडलेली करवंटी उपडी घातली. त्या भोकातून येणारा धूर मी आ वासून दाढेवर घ्यायचा. माझ्या नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं. थोड्या वेळाने बाईने करवंटी उचलली, तर परातीतल्या पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते, चांगले आठ-दहा!

आई धन्य झाली. मीही धन्य झाले. माझ्या एवढ्याशा दाढेत एवढी वस्ती आहे ह्याचा मला अभिमानच वाटला, आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला मी आकडा वाढवून सांगत होते. आमच्या दारात पोचेपर्यंत किडे चाळीस झाले होते.

दाढ दोन दिवस खरंच गप्प बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा सुरू झाली, आणि ह्या वेळी मी वहिनीच्या पदराशी जाऊन रडले.

वहिनी आमच्या घरी येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. माझा भाऊ मुंबईला एका पेढीवर नोकरीला होता. शिमग्याला तो आला आणि बोटीने परत गेला, आणि ही सतरा वर्षांची मुलगी आमच्या घरी परक्या माणसांत राहिली. राजापूरच्या पलीकडच्या एका गावच्या वैद्यांची ती लेक. त्यांना मुलगा नव्हता. औषधं कुटायला, काढे उकळायला आणि रडणाऱ्या पोरांची डोकी मांडीत दाबून धरायला त्यांनी हिलाच हाताशी घेतलेलं. लग्नात त्यांनी तिला फणसाच्या लाकडाची एक पेटी हौसेने दिली होती, आत मुळ्या, साली, बिया नि पुड्या. माझ्या आईला ती पेटी पहिल्या दिवसापासून खुपत होती. "सून आणली की दवाखाना?" असं ती शेजारणींना, वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने विचारायची.

रीतीप्रमाणे मी वहिनीची वन्सं. म्हणजे नाक गळणाऱ्या सात वर्षांच्या मला ही सतरा वर्षांची मुलगी अहो-जाहो करायची. "वन्सं, जेवायला बसता ना? वन्सं, केस विंचरू का तुमचे?" घरात बाकी सगळे मला 'कार्टे' नाहीतर 'भवाने' म्हणत. ह्या मानाने मी इतकी फुगले होते की वहिनीसाठी वाटेल ते करायची माझी तयारी होती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

"पुन्हा किडे झाले वहिनी," मी रडत म्हटलं. "पुन्हा धूर घ्यायला हवा."

वहिनीने इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "वन्सं, ते किडे तुमच्या दाढेतले नव्हेत. ते बियांतलेच. बी तापली की फुटत्ये नि आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो."

मी कसली ऐकते! माझे किडे कुणी असे काढून घ्यावेत हे मला मुळीच पटेना. मी फारच हटून बसले तेव्हा तिने मागील दारी सगळी तशीच मांडणी केली. रिंगणी गडग्याच्या, म्हणजे आमच्या दगडी कुंपणाच्या, कडेला उगवलेलीच होती. परात, दगड, तापलेला पळा, बिया, करवंटी. फक्त भोकावर कुणी तोंड धरलं नाही. धूर आपला वर माडाकडे निघून गेला. वहिनीने करवंटी उचलली, आणि पाण्यावर बारीक पांढरे किडे तरंगत होते.

अशा वेळी शहाण्या मुलीने काय करावं? गप्प बसावं. मी धावत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि ओरडले, "आई, आई, लवकर ये! वहिनीने दाढेशिवाय किडे काढले!"

आई आली. परातीत वाकून तिने बघितलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की माझं ओरडणं थांबलं. दोन दिवसांपूर्वी तिनेच अख्ख्या आळीला ते किडे वर्णन करून सांगितले होते.

"म्हणजे मी खुळी. असंच ना गो?" ती वहिनीला म्हणाली.

"तसं नव्हे सासूबाई." वहिनी पदराचं टोक पिळत उभी राहिली. वाटलं, आता ही रडणार. पण ती जे बोलली ते आमच्या घरात कुठल्या सुनेने आजवर बोललं नसेल. "दाढ आतून धुवून काढता येईल. मला येतं ते."

"पडायच्या दाढेचे एवढे लाड कशास? उपटून टाकली की सुटलं."

"दुधाची दाढ वेळेआधी काढू नये म्हणतात आमचे वडील," वहिनी म्हणाली. "खालून मोठी दाढ यायची असत्ये, तिची जागा धरून ठेवत्ये ही. बोटीवर आपण आधी जाऊन सतरंजी पसरतो ना, तशी. सतरंजी उचलली की शेजारचे सरकतात, नि मागून येणाऱ्याला उभं राहावं लागतं."

उपमा आईला पटली असावी, कारण ती जास्तच चिडली.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले. ते कोर्टात कारकून होते, आणि दिवसभर दुसऱ्यांचे निवाडे लिहून त्यांना स्वतः एखादा द्यायची फार हौस होती. मला सोमवारी सरकारी दवाखान्यात नेऊन दाढ पकडीने काढून आणायची, असं त्यांनी मनाशी ठरवलंच होतं. तरी त्यांनी झोपाळ्यावर बसून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. दोन्ही म्हणजे आईची ऐकून घेतली. वहिनी दाराआडून चार वाक्यं बोलली तेवढीच. मग त्यांनी निकाल दिला: सुनेला आठ दिवसांची मुदत.

"आणि बरं झालं की नाही हे ठरवायचं कुणी?" आईने विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. "आठव्या दिवशी मी हिला गूळ-खोबरं देणार. त्याच दाढेने चावायचं. हूं की चूं केलंन तर दाढ दवाखान्यात नि ती पेटी राजापूरला. पुन्हा ह्या घरात औषधाचं नाव काढायचं नाही."

"चालेल," दाराआडून आवाज आला. इतका बारीक, की वडिलांना पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. सकाळचं पाणी, पूजेची तयारी, भाकऱ्या सगळं आटोपून वहिनी मागील दारी पायरीवर बसायची आणि माझं डोकं मांडीवर घ्यायची. ऊन नेमकं पायरीवर यायचं ती वेळ. फणीकरंड्याच्या पेटीतला आरसा नारळाला टेकून असा ठेवायची की उन्हाचा कवडसा थेट माझ्या तोंडात पडे. मी मनात म्हणायची, एवढा उजेड तर आमच्या देवघरातही नसतो.

"दाढेला मुळं असतात वन्सं," ती सांगायची, "नि प्रत्येक मुळात बारीक नळी. घाण वरवरची काढून भागत नाही. नळीतली काढायला हवी, नाहीतर ती आतून पुन्हा वर येत्ये."

हिरडा, बेहडा आणि आवळकाठी उकळून, चौपदरी फडक्यातून गाळून तिने काढा केला होता. मोराच्या पिसाची मधली नळी कापून ती काढ्यात बुडवायची, वरच्या तोंडावर बोट ठेवायची, म्हणजे काढा नळीत अडकून राहायचा. मग नळीचं टोक माझ्या दाढेच्या भोकात धरून बोट उचललं की काढा आत उतरायचा. थू केलं की पुन्हा एक नळी. असं वीस-पंचवीस वेळा. त्यानंतर हीर, म्हणजे माडाच्या पात्याची मधली ताठ काडी. माडाच्या झापातला ताजा हीर चाकूने तासून तासून तिने सुईहून बारीक केला होता, पाण्यात उकळला होता, आणि त्याच्या टोकाला समईच्या वातीचा कापूस इतका पातळ गुंडाळायची की तो आहे हे दिसत नसे. तो हीर दाढेच्या नळीत अलगद फिरवून बाहेर काढायची. कापूस काळा होऊन यायचा.

आणि मग ती तो कापूस हुंगायची. पहिल्या दिवशी मी ते पाहिलं आणि मला ओकारी आली. पण तिचा सगळा भरवसा त्या वासावर होता. "आज वाईट आहे," ती म्हणायची. नाहीतर "कालच्याहून बरा." शेवटी लवंग नि खैराचा कात तुपात खलून दाढेत भरायची आणि वर मधाच्या पोळ्यातल्या मेणाचं इवलंसं झाकण बसवायची. दुसऱ्या दिवशी झाकण काढून पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्याच दिवशी मी तिच्या बोटाला कडकडून चावले. रक्त आलं. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, त्या बाजूने इतक्यात चावायचं नाही ठरलंय ना आपलं?" मला हसू फुटलं आणि काढा नाकातून आला. त्यानंतर मी तिला कधी चावले नाही. उलट त्या पायरीची मी वाट बघायला लागले. तिची मांडी मऊ होती, हातांना लवंगेचा वास होता, आणि माझं तोंड उघडं असल्यामुळे बोलायची तिलाच संधी मिळायची. ती राजापूरच्या बाजाराबद्दल, त्यांच्या अंगणातल्या काजूंबद्दल, अर्जुना नदीच्या पुराबद्दल बोलत राहायची. घरात दिवसभर मान खाली घालून वावरणारी ही मुलगी इतकी बोलते, इतकी हसते, हे आमच्या घरात फक्त मला माहीत होतं. आई पलीकडे सुपात तांदूळ घेऊन बसायची. ते तांदूळ त्या आठवड्यात इतके निवडले गेले की त्यांत खडा औषधालाही राहिला नसेल.

पाचव्या दिवशी कापूस पांढरा आला. वहिनीने हुंगला, पुन्हा हुंगला, आणि माझ्या नाकाशी धरला. "वन्सं, कशाचा वास?"

"लवंगेचा."

"नुसत्या लवंगेचा ना? दुसरा कसला नाही?"

"नाही."

तिने मला अशी घट्ट मिठी मारली की माझी वेणी सुटली.

इथवर सगळं छान चाललं होतं. ते बिघडवायला मी होतेच.

सातव्या दिवशी दुपारी मी एकटीच विचार करत बसले. उद्या गूळ-खोबरं. दाढ आता दुखत नव्हती, पण त्या बाजूने चावायची मला सक्त मनाई होती, तेव्हा चावल्यावर ती दुखेल की नाही हे कुणाला ठाऊक? उद्या आईसमोर मी ओरडले तर? वहिनीची पेटी जाईल, ती पुन्हा मान खाली घालून वावरेल, आणि हे सगळं माझ्या तोंडाने होईल. आधी एकदा गुपचूप चावून बघायला हवं, असं मला वाटलं. गूळ आणि खोबरं आईच्या किल्लीत. मी मागील दारी आले आणि गडग्यावर चढले. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचं काजूचं झाड होतं. बोंडू लटकत होते, आणि प्रत्येकाच्या टोकाला हिरवीगार, निब्बर बी.

ओल्या काजूच्या सालीत तेल असतं आणि ते अंगाला लागलं की कातडी भाजते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. बायका ओले गर काढताना हातांना राख चोळतात. मलाही ते ठाऊक होतं. पण माझं डोकं फार चाललं. मी विचार केला, भाजतात ते ओठ. ओठांना लागू दिलं नाही की झालं. म्हणून मी बी तोडली, फ्रॉकला पुसली, दोन बोटांनी ओठ फाकवून ती थेट मागच्या दाढेवर ठेवली आणि जीव खाऊन चावले.

दाढ दुखली नाही! करकन दात सालीत रुतला, आणि दाढ अजिबात दुखली नाही. आनंदाने मी गडग्यावरच नाचले. मग गालाला आतून चरचरायला लागलं.

मी बी गडग्याच्या फटीत खुपसली, विहिरीवर जाऊन वीस चुळा भरल्या आणि कुणाला काही बोलले नाही. सकाळी उठले तेव्हा माझा उजवा गाल फणसाएवढा झाला होता, ओठ सुजून उलटे झाले होते आणि तोंडात आतून फोड होते. आणि त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

आईने माझ्याकडे बघितलं मात्र, आणि आकाशपाताळ एक केलं. "उलटलं औषध! सांगत होत्ये मी. काड्या घालून घालून पोरीचं तोंड सडवलंन. अहो, ऐकलंत का? बघा तुमची मुदत!" वडील आले, त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं आणि खाली सोडलं. सूज उतरली की दाढ काढायची, असं ते म्हणाले. आईने वहिनीची पेटी स्वतः उचलून पुढल्या पडवीत नेऊन ठेवली. राजापूरकडे जाणारी पहिली गाडी मिळाली की ती रवाना.

वहिनी थिजल्यासारखी उभी होती. मग ती माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेऊन बघितला, बोटं उलटी केली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळीकुट्ट झाली होती. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. मी मान वळवली. ती उठली, खोबरेल आणून माझ्या ओठांना, गालाला, आणि त्या दोन बोटांना लावलं, आणि मागील दारी भांडी घासायला निघून गेली. कुणाला एक अक्षर बोलली नाही.

मी खांबाला टेकून बसले. सांगावं तर पाठीत धपाटे पडणार, शिवाय शेजाऱ्यांची काजू चोरली म्हणून वेगळे. न सांगावं तर काय, गाल चार दिवसांत उतरेल. इतकं सोपं होतं ते. मागल्या बाजूने राखेचा नि भांड्यांचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मी डोकावून बघितलं तर वहिनी पायरीवर बसून ते तासलेले हीर एकेक करून मोडत होती. रडत नव्हती. नुसती मोडत होती. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की आज लिहितानाही कान गरम होतात.

मी गडग्यावर चढले, फटीतली काजू पानात धरून काढली, आणि तशीच आत जाऊन वडिलांच्या पुढ्यात ठेवली. तोंडाने बोलता येत नव्हतं. मी माझी काळी बोटं पुढे केली.

वडिलांनी चष्मा चढवला. काजू पानासकट उचलून चारही बाजूंनी फिरवून पाहिली. सालीत एकाच दाढेची खोल, स्पष्ट खूण उमटली होती.

"हा मुद्देमाल," ते म्हणाले. "आ कर." त्यांनी खूण बघितली, दाढ बघितली, पुन्हा खूण बघितली. "जुळतंय. ह्याच दाढेने चावलंन."

आई धावत आली. तिने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग काजूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "त्याच दाढेने? एवढी कडक बी?"

मी मान हलवली.

"मग दाढ दुखली?"

"दाध नाही," मी सुजलेल्या ओठांनी कसंबसं म्हटलं. "बाकी शगलं."

आधी वडील हसले. त्यांचं पोट हलायला लागलं आणि झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायला लागल्या. आईने पदर तोंडाला लावून आवरायचा फार प्रयत्न केला, पण तिलाही ते झेपलं नाही. मग वडिलांनी वहिनीला हाक मारली आणि विचारलं, "काय गो, तुला माहीत होतं हे?"

"सकाळीच बोटं बघितली होती," वहिनी दारातून म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वन्सं सांगतील असं वाटलं."

आई उठली, पडवीत गेली, आणि पेटी उचलून आत आणून होती तिथे ठेवली. "कुणाच्या तरी पायात येईल म्हणून आणली," असं मात्र ती म्हणालीच. वडिलांनी निकाल दिला की जिने ओली काजू चावली तिला खोबऱ्याची तारीख द्यायची गरज नाही. आईने अपील केलं नाही.

दुपारी बायका आल्या. गौर झोपाळ्यात बसली होती, पुढे कलिंगडाची कमळं, भिजवलेले हरभरे, पन्हं, आंब्याची डाळ. ती डाळ मला जिभेलाही लावता आली नाही. प्रत्येकीचं पहिलं लक्ष माझ्या थोबाडाकडे जायचं आणि जी ती विचारायची, "अगो बाई, हिला काय झालं?" मी आईकडे बघत होते. आईला कमीपणा घेणं कधी जमलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ओली काजू चावलंन मेलीने," आई म्हणाली. "आणि कुठल्या दाढेने, ते विचारा!" मग ती जी सुरू झाली! मोराच्या पिसाची नळी, तासलेला हीर, कवडसा, सगळं तिने असं रंगवून सांगितलं जसं काही तिच्याच देखरेखीखाली झालं होतं. एक प्रकारे ते खरंही होतं. वहिनी पन्ह्याचे पेले भरत होती; कान लाल झाले होते आणि पन्हं पेल्यांबाहेर सांडत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागील दारी गाल धरलेली तीन पोरं येऊन बसली होती.

ती माझी दाढ पुढे चार वर्षं टिकली आणि अकराव्या वर्षी आपली आपण पडली. खालची मोठी दाढ सरळ तिच्या जागी आली. कशाने बरं झालं, हिरड्याने, लवंगेने की नुसत्या नीट धुण्याने, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

बायका गेल्या होत्या. मी पायरीवर बसून गालाला गार पाण्याची घडी लावत होते आणि वहिनी केळीची पानं गोळा करत होती. आई बाहेर आली. इकडे तिकडे बघून, वडील पुढल्या दारी आहेत ना याची खात्री करून, ती वहिनीजवळ येऊन उभी राहिली.

"माझी एक आहे," ती म्हणाली. "डावीकडची, वरची. दोन वर्षं झाली. त्या बाजूने मी घास घेतलेला नाही."

वहिनीच्या हातातली पानं तशीच राहिली. "दोन वर्षं? सासूबाई, कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? घर कुणी चालवायचं?"

मी आईकडे बघतच राहिले. त्या दोन वर्षांत ती माझ्यावर किती ओरडली असेल, आणि त्यातलं किती माझ्यामुळे नि किती त्या दाढेमुळे, हा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला. मला एकदम तिचं फार वाईट वाटलं.

"पण मोठ्या माणसांच्या दाढा मी कधी केल्या नाहीत," वहिनी घाबरून म्हणाली. "वडील लहान मुलांच्याच माझ्याकडे द्यायचे."

आई पायरीवर बसली, पदर सावरला, आणि आपल्या सुनेच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकली.

"मग मला लहान समज," ती म्हणाली.